प्रशिकचा ठणठणीत लॅपटॉप

नंदिनीच्या कॉम्प्युटरवरची एकही फाईल उघडेना. गुंजन मॅडमचा दोनशे चाळीस पानांचा प्रबंध तिने दोन महिने खपून टाईप केला होता आणि उद्या सकाळी तो त्यांच्या हातात पडायला हवा होता. सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजारामुळे तिला बाहेरची नोकरी झेपत नव्हती. वाडीच्या या दोन खोल्यांत बसून तिने टायपिंगमध्ये नाव कमावलं होतं, आणि आता तेच जायची वेळ आली होती.

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पियुषने तासभर खटपट करून नंदिनीच्या आईकडे पाहत मान हलवली.

"व्हायरस आहे, काकू. कालच्या पेनड्राइव्हमधून आला. फायली गेल्या समजा."

पेनड्राइव्ह प्रशिकचा, म्हणजे नंदिनीच्या मोठ्या भावाचा. बहिणीला मराठी फॉन्ट हवे होते, ते साहेबांनी कुठूनसे फुकटात उतरवून दिले होते. तो उसळलाच.

"माह्या लॅपटॉपमधून? शक्यच नाही! मिहानमधल्या आयटी कंपनीचा आहे तो. त्याची सिस्टीमच वेगळी आहे, दोन वर्षांत साधा हँग नाही झाला!"

त्याने लॅपटॉप उघडून सगळ्यांसमोर ठेवला. तो खरोखरच छान चालत होता.

मेथी निवडत बसलेल्या पार्वतीबाईंच्या, या दोघांच्या आईच्या, डोक्यात काही शिरेना. ज्याच्यातून रोग निघाला तो ठणठणीत, आणि ज्याच्यात गेला तो आडवा! दोघांपैकी कुणीतरी थाप मारत असणार. पण पियुष तसा मुलगा नव्हता, आणि प्रशिक तर पोटचा.

"पियुष, ज्याले सोताले काही होत नाही, तो दुसऱ्याले रोग कसा देते गा?"

"देते ना काकू. हा व्हायरस विंडोजसाठी बनवलेला. दादाच्या मशीनमध्ये तो नुसता पडून होता, तिथं त्याचं काही चालत नाही. नंदिनीच्या मशीनमध्ये गेला अन् सुरू झाला. दादाले पत्ताही नाही लागला."

पार्वतीबाईंचा हात थांबला. नंदिनी लहान असताना डॉक्टरांनी असंच काहीसं सांगितलं होतं. तुम्ही दोघं नवराबायको वाहक आहात, तुम्हाला स्वतःला काही होणार नाही, पण लेकरात उतरलंय. तेव्हाही त्यांना काही कळलं नव्हतं. तोवर त्या एकदाही अंथरुणाला खिळल्या नव्हत्या. कळलं तेव्हा मात्र भयंकर लाज वाटली होती, आणि आज पुन्हा तशीच वाटली.

प्रशिकची तणतण चालूच होती. नंदिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"सॉरी म्हण तिले," पार्वतीबाई म्हणाल्या.

"मी काहून? मले काय माहीत होतं?"

"नव्हतं माहीत. तरी म्हण." त्यांनी लेकीच्या पाठीकडे पाहिलं. "मलेही नव्हतं माहीत. पंचवीस वर्षांची होत आली ते, अन् मी अजून म्हटलं नाही तिले."