वादळाची वाट

वादळ आपल्याच खाडीवर येतंय हे कळलं, तेव्हा सुहासिनी तांडेलला हायसं वाटलं. ती गावाच्या तिवरांची राखण करायची. तिवरांनी लाटांचा किती जोर अडवला हे चिखलात बसवलेली यंत्रं मोजत, आणि सरकार गावाला तेवढाच मोबदला देई. पण गेली तीन वर्षं समुद्र शांत होता. पगार थकल्यामुळे दवाखान्यातली डॉक्टरीणही निघून गेली होती.

दुपारी सगळे धक्क्यावर जमले. शेजारचा दामोदर फोनवर नकाशा पाहत होता.

"वळलं," तो म्हणाला. "उत्तरेला, बोर्लाडकडे. हेही वर्ष गेलं."

बोर्लाडला सुहासिनीची बहीण मालिनी राहायची. तिथली तिवरं बंदरासाठी कधीच तोडली होती. सुहासिनीने घाईघाईने फोन लावला.

"मुलांना घेऊन आत्ता निघ. शेजाऱ्यांनाही आण."

संध्याकाळी दोन टेम्पो भरून भिजलेली माणसं आली. मालिनीचं घर तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेलं होतं. गावातल्या बायकांनी न सांगता चुली पेटवून पेज चढवली.

मालिनी बहिणीला बिलगली. "वादळ तुमच्याकडे येणार असं सकाळी ऐकलं. तुझ्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते गं. खूप घाबरला असाल ना सगळे?"

सुहासिनी तिचे ओले केस पुसत राहिली.

"आधी पेज घे," शेवटी ती म्हणाली. "गार होतेय."