नव्वद अंश

"खांदा नव्वद अंशांवरच अडकलाय. प्रत्यक्ष तपासणी हवी." ॲपने देवस्थळी काकांच्या नावापुढे चौथ्या आठवड्यात लाल खूण केली, तशी मी स्कूटर काढली.

हल्ली आमचे पेशंट घरीच मोबाइलसमोर व्यायाम करतात. कोन ॲप मोजतं, चुकाही तेच सांगतं. माझ्यापेक्षा अचूक सांगतं, हे कबूल. मी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर आलेख बघते. कुणाच्या खांद्याला हात लावून महिने झाले.

काकांनी दार उघडलं. "बसा, चहा टाकतो," म्हणत ते ओट्याकडे वळले आणि उजवा हात सरळ वर नेऊन त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढला. तोच अडकलेला खांदा.

माझ्याकडे लक्ष गेलं तसे ते डबा धरून तिथेच थांबले.

"लाल खूण आली की मॅडम स्वतः येतात, असं तुमच्या रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं होतं," ते खाली बघत म्हणाले. "ही गेल्यापासून घरी कुणी येत नाही हो."

पेशंटला हात लावण्याआधी मी तळवे चोळून गरम करते. तसे ते चोळले आणि त्यांच्या खांद्यावर ठेवले.

"आखडलाय अजून," मी म्हणाले. "मंगळवारी पुन्हा बघू."