सिंकवरची खिडकी

मधुताई पहिल्यांदाच अमेरिकेहून ब्रिस्टलला भावाकडे आल्या होत्या. चहा पिता पिता त्यांनी भावजयीला विचारलं, "स्वराली, आमचं गाव आवडलं होतं ना गं तुला? छोटंसंच, पण काय नाही तिथे! आर्ट म्युझियम, जुनी पिठाची गिरणी, नदीकाठचं जंगल."

"सगळं पाहिलं की मी," स्वराली म्हणाली.

लग्नानंतर अमेरिकेत मधुताईंकडे राहायला गेली, तेव्हा पाहिलं होतंच. कला म्हणजे भाच्याने फ्रिजवर चिकटवलेली चित्रं. इतिहास म्हणजे मधुताईंच्या माहेरच्या बढाया. आणि निसर्ग म्हणजे सिंकवरच्या खिडकीतून दिसणारी एक खार. सगळी मंडळी रोज भटकायला जायची. निघताना मधुताई लाडाने म्हणायच्या, "तुझ्या हातच्या गरम पोळ्या तयार ठेव हं. आल्यावर फोटो दाखवते!" स्वराली नवी नवरी होती, मुकाट्याने लाटत बसली. आणि तिचा नवरा परीक्षित? तो गाडीत सगळ्यात आधी जाऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी झुलता पूल आणि आर्ट गॅलरी बघायला मधुताई नवे बूट घालून खाली आल्या. त्यांचा नवरा आणि मुलगा केव्हाच गाडीत बसले होते. स्वयंपाकघरात परीक्षित कणकेच्या परातीसमोर बावळटासारखा उभा होता.

"किती दिवसांनी भेटताय दोघं बहीणभाऊ! निवांत गप्पा मारा," स्वराली गाडीची किल्ली उचलत म्हणाली. "आणि गरम पोळ्या तयार ठेवा हं, ताई. आल्यावर फोटो दाखवते."