तेवीस करवती

चाळीस वर्षे लाकूडतोड केलेला सासरा आपली इंजिनाची जुनी करवत जावयाच्या संग्रहासाठी घेऊन आला. भिंतीवर तेवीस करवती, भुशाचा वास विसरलेल्या, आरशासारख्या चकाकत होत्या.

"प्रत्येक सुटा भागसुद्धा अस्सल आहे, बाबा. दर रविवारी सगळ्या चालवतो."

"लाकूड कापता काय?"

"छे! ओरखडा पडेल. नुसता आवाज ऐकायचा."

म्हाताऱ्याने एका करवतीच्या दातेरी साखळीवरून बोट फिरवले. मग दुसऱ्या, तिसऱ्या. सगळ्या साखळ्या उलट्या बसवलेल्या, दातांनी लाकडाकडे पाठ फिरवलेली.

"जावईबापू, एक फांदी जरी कापली असतीत, तरी साखळ्या उलट्या आहेत ते कळलं असतं."

त्याने आपली करवत पुन्हा खांद्यावर घेतली.

"बाबा, ती मला देणार होतात ना?"

"मुलगी दिली, तेवढं पुरे."