ठकी कुणाकुणाकडे येते

मेलेली ठकी आज दुपारी खालच्या शिवणवाल्या काकूंकडेसुद्धा येऊन गेली, हे कळलं तेव्हा किल्लीवाल्याच्या तोंडात बिस्कीट होतं. ते त्याने चावायचं थांबवलं. तो नुकताच दुकान बंद करून घरी आला होता आणि काकू खास हेच सांगायला वर आल्या होत्या.

"मशीनवर बसले होते," काकू म्हणाल्या, "आणि पोटरीला कुणीतरी अंग घासून गेलं. असं मऊ! मी म्हटलं, आलीस का गं बाई?"

"तुमच्याकडे?" किल्लीवाला म्हणाला. "तुम्ही तिला चप्पल फेकून मारली होती."

"एकदाच. आणि लागली कुठे? गेलेल्यांचं मन मोठं असतं."

ठकी ही घरची मांजर. महिन्यापूर्वी म्हातारपणाने गेली आणि तेव्हापासून सगळ्यांकडे येत होती. बायकोच्या मांडीवर तर रोज दुपारी बसायची. सासऱ्यांच्या पायाशी झोपायची. हेच सासरे ती जिवंत असताना दर रविवारी म्हणायचे, हिला कुठेतरी लांब सोडून या. आता ते तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणायचे.

"काल चादर ओढली, ओढलीच जाईना," सासरे म्हणाले. "म्हटलं, झोप बाई. मी काकडतो."

किल्लीवाल्याकडे ती एकदाही आली नव्हती. त्याने प्रयत्न करायचे काही बाकी ठेवले नव्हते. पायाशी जागा सोडून तो अंगाची मुटकुळी करून झोपला. त्याची कंबर धरली. दुकानात काउंटरखाली माशाचं डोकं ठेवून पाहिलं. तीन मांजरं आली. तिन्ही जिवंत.

"तुला जाणवत नसेल," बायको म्हणाली. "मन शांत लागतं."

"माझं मन शांतच आहे!" किल्लीवाला ओरडला.

खरं दुखणं गोळीचं होतं. शेवटच्या वर्षी ठकीला रोज सकाळी एक गोळी द्यावी लागायची. किल्लीवाला बंद घरं उघडून द्यायचा, अडकलेल्या तिजोऱ्या उघडायचा, पण ठकीच्या तोंडासारखं कुलूप त्याने पाहिलं नव्हतं. तिला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, जबड्याच्या कोपऱ्यात बोट घालायचं, गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, तोंड मिटायचं आणि नाकावर हळूच फुंकर मारायची. मग ती गिळायची. मग ती ओरबाडायची. हे काम एकट्या त्यानेच करावं असं घरात एकमताने ठरलं होतं. तो तेव्हा दुकानात होता. बाकीच्यांवरचा ठकीचा विश्वास उडायला नको, घरात एक दुष्ट माणूस पुरे, असा विचार होता. त्यामुळे वर्षभर ठकीने सगळ्यांवर माया केली आणि किल्लीवाल्याला पाहिलं की पळ काढला.

त्याने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या रेघा होत्या.

"हे बघा. हे तिने मला दिलंय. तुम्हाला कुणाला काय दिलंय?"

"जावईबापू, गेलेल्या जिवावरून भांडू नये," सासरे म्हणाले.

"भांडत नाहीये. विचारतोय. वर्षभर तिला जगवली कुणी? मी. आणि मांडी कुणाची? हिची! पाय कुणाचे? तुमचे! आता पोटरीही निघाली, तीसुद्धा काकूंची!"

काकूंनी साडीचा काठ पोटरीखाली ओढायचा प्रयत्न केला.

बायको कपबशा एकात एक ठेवत म्हणाली, "मांडी माझी आहे. पण ती काय माझ्याकडे बघते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! दुपारभर बसते, पण सगळं लक्ष जिन्याकडे. मी गोंजारतेय आणि ही आपली कानोसा घेतेय. फाटकाशी तुझी स्कूटर वाजली की मांडी हलकी. एकदम! कपाटाखाली."

"अजून?"

"अजून. रोज. जिवंतपणी तेच, आता तेच. मला वाटलं होतं, मेल्यावर तरी माझी होईल." तिने बशी जरा जास्तच जोरात ठेवली. "माझा आवाज ऐकून ती कधी जागची हललीसुद्धा नाही."

किल्लीवाला सावकाश खुर्चीत बसला. "आजही पळाली?"

"तू आलास, ती गेली."

"खूप घाबरली होती?"

"जीव घेऊन पळाली."

किल्लीवाल्याचा चेहरा असा उजळला, की सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"माझ्या पायाशी अशी दचकून कधी उठली नाही ती," सासरे जरा दुखावून म्हणाले.

"माझ्याकडे तर नुसती घासून गेली," काकू म्हणाल्या. "थांबली पण नाही."

किल्लीवाल्याने कपाटाखाली वाकून पाहिलं नाही. त्याने चपला घातल्या, किल्ली घेतली आणि जिना उतरून गेला. खाली स्कूटर सुरू झाली, फाटकाबाहेर पडली. आवाज लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला.

बायको खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. तिने मांडी सारखी केली. थोड्या वेळाने तिचा हात हळूहळू मागेपुढे फिरायला लागला. सासरे आणि काकू श्वास रोखून पाहत राहिले.

फाटकाशी स्कूटर वाजली.

बायकोने दोन्ही हात वर उचलून धरले.