शिवेवरचं भांडण

"आज तेवढं भांडू नका, काकू. तंटामुक्त गावाचं बक्षीस ठरवायला समिती येतेय," सरपंचांनी हात जोडले. हौसाकाकू कुंपणाच्या अलीकडून आणि केराबाई पलीकडून, शेवग्याच्या शेंगांवरून भांडत होत्या.

"मग माझ्या शेंगा काय समिती देणार?"

"बक्षिसातून पाण्याची टाकी होणारे. भांडायचंच तर शिवेपलीकडे जाऊन भांडा."

दोघींना पटलं. त्या भांडतच निघाल्या. शिवेवर समोरून दोन बाप्ये एकमेकांची गचांडी धरून येत होते. त्यांच्याही गावात समिती यायची होती.

"आमच्या हद्दीत भांडायचं नाही!" हौसाकाकू कडाडल्या.

"ऐकू आलं ना? फिरा माघारी!" केराबाईंनी पदर खोचला.

"तुम्हीच फिरा की!"

चौघांचे आवाज टिपेला पोचले आणि समितीची जीप शेजारी येऊन थांबली.

"कुठल्या गावचे तुम्ही?" आतून साहेबांनी विचारलं.

कित्येक वर्षांत पहिल्यांदाच हौसाकाकू आणि केराबाई एका सुरात बोलल्या. त्यांनी तिसऱ्याच गावाचं नाव घेतलं, "घुगरवाडीचे."

"पिढ्यान्‌पिढ्या," बाप्यांनी पुस्ती जोडली.