गोलकीपरवरचं गाणं

पहिल्या दोन ओळी तिने योगायोग म्हणून सोडून दिल्या.

चेंडू अडवतो, फटका अडवतो,
गादी मात्र रोज भिजवतो!

परक्या मैदानात पाहुण्या गोलकीपरची आरती कुणी ओवाळत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. गोलमागचा अख्खा स्टँड ढोलाच्या ठेक्यावर डोलत होता. मग पुढच्या दोन ओळी आल्या.

दार लावते, पडदा ओढते,
आई पंख्यापुढं वाळवते!

हे कुणी हवेतून काढलेलं नव्हतं. हे तिच्या घरातलं होतं.

आज गोलमध्ये उभा असलेला तिचा मुलगा चांगला मोठा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा. बाप त्याच्या जन्माआधीच निघून गेलेला. तो का गेला आणि मूल कुणाचं, यावर शेजारपाजारचे तोंडाला येईल ते बोलायचे. त्यांना आणखी खाद्य नको म्हणून ती गादी कधी उन्हात टाकत नसे. मागच्या खोलीत दार लावून, पडदा ओढून टेबलफॅनपुढे उभी करी. दिवसभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत परक्यांच्या चादरी, घरी आल्यावर ही गादी. मायलेकांखेरीज हे एकाच माणसाला माहीत होतं, तिच्या धाकट्या बहिणीला. शाळा सुटली की मुलगा मावशीकडेच असायचा.

ती उठली, पुन्हा बसली. पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळत राहिली. शेजारी पाहुण्या संघातल्या एका बचावपटूचे वडील बसले होते. ते गेल्या वर्षीही या मैदानावर आले होते. तिचा चेहरा पाहून ते म्हणाले की मनावर घेऊ नका, यंदा बरंच सौम्य आहे. एवढं बोलून ते एकदम बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले.

तिला गेल्या वर्षीचं काही माहीत नव्हतं. तेव्हा मुलाने तिकिटं संपली, बस भरली, उन्हाचा त्रास होईल, अशा नाना सबबी सांगून तिला घरीच ठेवलं होतं. यंदा मात्र त्याने स्वतःहून तिकीट हातात ठेवलं.

आणि आता तो गोलपोस्टमध्ये उभा राहून हातमोजे घातलेल्या हातांनी त्याच गाण्यावर ठेका धरत होता. स्टँड खूश होऊन आणखी जोरात गात होता. पोरगं रडू गिळतंय, असं वाटून तिचा जीव तीळतीळ तुटला.

हाफटाइमला तिने बहिणीला फोन लावला. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. घरातली गोष्ट बाहेर कुणाला सांगितलीस, किती दिवस जिभेवर ठेवली होतीस, माझ्या लेकराचं वाईट झालेलं पाहून तुला काय मिळालं, असं ती बोलतच सुटली. बहिणीने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, त्याला मी तुझ्याइतकंच वाढवलंय," ती एवढंच म्हणाली आणि फोन बंद झाला. परत लावला तर उचलेना.

सामना बरोबरीत सुटला, म्हणजे तसं लोक म्हणत होते. तिचं लक्ष नव्हतंच. मुलगा संघाच्या बसकडे गेल्याची खात्री करून ती उलट्या बाजूने स्टँडमागे गेली. गाणी कोण रचतं, असं फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं तर त्याने भोंग्याकडे बोट दाखवलं. भोंगा म्हणजे ढोल वाजवणारा, सामनाभर मैदानाकडे पाठ करून गर्दीला गायला लावणारा दांडगा माणूस. एरवी त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. आत्ता तो खुर्चीवर बसून ढोलाच्या दोऱ्या सैल करत होता.

"मी गोलकीपरची आई," ती म्हणाली.

तो ताडकन उठला आणि स्वतःची खुर्ची शर्टाच्या बाहीने पुसून त्याने तिच्यापुढे सरकवली. ती बसली नाही. ते गाणं कुणी दिलं, असं तिने विचारलं. नाव सांगायची आमच्यात पद्धत नाही, असं तो चाचरत म्हणाला. थट्टेला काही सीमा असते की नाही, असं तिने विचारलं. असते काकू, पण गर्दीत ती दिसत नाही, असं म्हणून त्याने मान खाली घातली.

"माझ्या बहिणीनेच दिलं ना? आज मी तिला तोडलंय. खरं काय ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

भोंग्याने दोरी हातातून सोडली.

"बहिणीला फोन करा, काकू. आधी तिला फोन करा. गाणं तुमच्या मुलानेच दिलं. मोसमाआधी दुकानात आला होता. मला वाटलं चष्मा करायचाय. चारही ओळी त्याच्याच."

"स्वतःची अब्रू कुणी अशी चव्हाट्यावर मांडतं का?"

"आमच्या स्टँडमध्ये एका खेळाडूवर एकच गाणं असतं. दोन झाली की निम्मे एक गातात, निम्मे दुसरं, सगळा गोंधळ. नवं आवडलं की जुनं बंद. हा नियम त्याला कुठूनतरी कळला होता. म्हणाला, हे घ्या, हसायला भरपूर आहे, पण गेल्या वर्षीचं सोडा. माझी आई एकदा सामना बघायला यायचं म्हणतेय."

"गेल्या वर्षीचं त्याच्यावर काय होतं?"

भोंग्याने ढोल उचलून बाजूला ठेवला.

"त्याच्यावर नव्हतं, काकू. तुमच्यावर होतं."